सांगणाऱ्याची गोष्ट, ऐकणाऱ्याचं काम

मैत्रिणीला फोन लावून तासभर बोललं की बरं वाटतं. सासूबाईंचं दुखणं तसंच असतं, ऑफिसातली कटकट तशीच असते, कर्जाचा हप्ता एका रुपयानेही कमी झालेला नसतो. तरी फोन ठेवताना जीव हलका झालेला असतो. याच्या अगदी उलट अनुभवही घरोघरी असतो. नात्यातल्या एखाद्या काकू वीस वर्षं एकच हकीकत सांगत असतात: वाटणीच्या वेळी दीर काय बोलला. शब्द तेच, गळा दाटून येतो तोही त्याच वाक्याला, आणि सांगून झाल्यावर त्या दोन दिवस अंथरूण धरतात.

दोघीही आपलं दुःखच सांगत असतात. मग एकीला उतार पडतो आणि दुसरीची जखम दर वेळी नव्याने उघडते, हे कसं?

समुपदेशक आणि सोशल वर्कर यांच्यापुढे हा प्रश्न रोज असतो, कारण त्यांच्या हाती ना इंजेक्शन असतं ना ऑपरेशनचं टेबल. समोरचा माणूस सांगतो आणि ते ऐकतात. गेल्या चाळीसेक वर्षांत या सांगण्या-ऐकण्याची एक शिस्तशीर कार्यपद्धती तयार झाली आहे, आणि ती समजून घ्यायला सिंगापूर ही फार चांगली जागा आहे. मुंबईहून थोडंसंच मोठं बेट, चार राजभाषा, झपाट्याने म्हातारा होत चाललेला समाज आणि बाहेरून कामाला आलेली लाखो माणसं. तिथे कोण कुणाला, कुठल्या भाषेत आणि कुठे बसून आपली कहाणी सांगतो, याला औषधाच्या मात्रेइतकं महत्त्व येतं. या विषयात शिरल्यापासून माझी एक खात्री होत गेली आहे. बरं करण्याचं काम गोष्ट एकटी करत नाही. त्यातलं निम्म्याहून अधिक ऐकणारा करतो.

कागदावर उतरलेलं दुःख

आधी साधी गोष्ट पाहू: ऐकणारा कुणीच नाही, समोर फक्त कोरा कागद आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सँड्रा बील यांच्यासोबत केलेला एक प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांना त्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. काहींनी फक्त काय घडलं ते लिहायचं, काहींनी फक्त काय वाटलं ते, आणि काहींनी दोन्ही. दुसऱ्या एका गटाला बूट किंवा खोली असे निरुपद्रवी विषय दिले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या झाल्या वाईटच वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यातल्या त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या.

नंतरच्या वर्षांत पेनेबेकर यांनी अशा लिखाणातले शब्द तपासले, तेव्हा काकूंच्या कोड्याचा एक धागा हाती आला. ज्यांना फायदा झाला, त्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता लक्षात येतं’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले होते. पहिल्या दिवशी नुसती पडझड, चौथ्या दिवशी काहीतरी क्रम. म्हणजे फायदा झाला तो सांगता सांगता ज्यांची गोष्ट बदलली त्यांना. काकूंची हकीकत वीस वर्षांत एका शब्दानेही बदललेली नाही.

याची दुसरी बाजू मेंदूत दिसते. २००७ साली मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की घाबरलेल्या किंवा संतापलेल्या चेहऱ्याचं चित्र पाहताना त्या भावनेला शब्दात नाव दिलं, तर मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची धडपड कमी होते. अमिग्डाला म्हणजे बदामाएवढा, धोक्याची घंटा वाजवणारा भाग. भावनेला नाव मिळालं की ही घंटा जरा मंदावते.

अल्बमात न लावलेले फोटो

पण कागद प्रश्न विचारत नाही. प्रश्न विचारणाऱ्याचं महत्त्व ज्यांनी सर्वांत नेमकं मांडलं ते दोघे म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे सोशल वर्कर मायकल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन. त्यांचं एकत्र लिहिलेलं मुख्य पुस्तक १९९० साली आलं आणि त्यांच्या पद्धतीला नॅरेटिव्ह थेरपी हे नाव रुळलं. आपण तिला कथनोपचार म्हणू.

त्यांचं म्हणणं एका घरगुती उदाहरणाने समजतं. लग्नात फोटोग्राफर हजार फोटो काढतो आणि अल्बमात लागतात शंभर. पुढे चाळीस वर्षं सगळे तो अल्बम उघडतात आणि म्हणतात, लग्न असं झालं. उरलेले नऊशे फोटो एका पाकिटात कपाटाच्या तळाशी पडून असतात. त्यांत पंगतीत वाढताना हसणारी आत्या असते, रुसून बसलेला मामा असतो. आयुष्याचंही असंच आहे. घटना असंख्य, पण ‘मी कोण’ या अल्बमात त्यांतल्या मोजक्याच लागतात. आणि कोणत्या लावायच्या हे पुष्कळदा आपण ठरवलेलं नसतं. शाळेने ठरवलेलं असतं, नातेवाइकांनी किंवा एखाद्या रिपोर्टने. ‘हा मुलगा भांडखोर’ असं एकदा वरच्या पानावर छापलं गेलं, की त्यानंतरचं प्रत्येक भांडण अल्बमात चिकटवलं जातं आणि न झालेली भांडणं पाकिटात जातात.

कथनोपचार करणारा समुपदेशक नवा, खोटा, गोड अल्बम बनवत नाही. तो पाकीट उघडायला सांगतो. सकारात्मक विचार करा असं सांगणं आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो न कळल्यामुळे या पद्धतीबद्दल फार गैरसमज झाले आहेत.

समस्या खुर्चीबाहेर

पाकीट उघडायच्या आधी एक काम करावं लागतं: माणूस आणि त्याची समस्या यांना वेगळं बसवणं. व्हाइट यांचं १९८४ सालचं गाजलेलं काम ज्या मुलांवर होतं, ती मुलं शाळेत जाण्याच्या वयाची होती आणि तरी त्यांना कपड्यांत शी होत असे. घरात लाज, मार, बोलणी. व्हाइट यांनी मुलांशी बोलताना त्या प्रकाराला एक नाव दिलं, मराठीत म्हणायचं तर ‘लबाड शी’. मग मुलाला तू असं का करतोस हे विचारणं थांबलं. लबाड शी तुला कधी गाठते, आईला तुझ्यावर रागवायला ती कशी लावते, कोणत्या दिवशी तू तिला चकवलंस, असे प्रश्न सुरू झाले. आतापर्यंत मुलगा एकीकडे आणि घर दुसरीकडे अशी लढाई होती. आता सगळं घर एका बाजूला आलं.

सिंगापूरच्या तोआ पायोहमधलं एक कल्पित उदाहरण घेऊ. अकरा वर्षांचा मुलगा, पुढच्या वर्षी प्राथमिक शाळेची शेवटची परीक्षा, जिच्या गुणांवर माध्यमिक शाळा ठरते. वर्गात मारामारी केली म्हणून त्याला समुपदेशनाला पाठवलं आहे. आई शेजारी बसली आहे.

“राग आला की तो आधी कुठे कळतो तुला? हातात, पोटात?”

“कानात. कान गरम होतात.”

“त्याला नाव द्यायचं तर काय देशील?”

“मिस्टर रेड.”

“हा मिस्टर रेड शाळेत कधी येतो?”

“गणिताचा पेपर परत मिळाला की.”

“तो आला आणि तू त्याचं ऐकलं नाहीस, असं कधी झालंय?”

मुलगा बराच वेळ गप्प राहतो. “मागच्या आठवड्यात. लिफ्टमध्ये बहिणीने ढकललं. मी काही केलं नाही.”

“कसं जमलं तुला?”

“मजल्यांचे आकडे मोजत होतो. बाराव्यापर्यंत.”

इथे आई मान वर करते. तिला हे माहीतच नव्हतं. लिफ्टमधली ही मिनिटभराची घटना म्हणजे पाकिटातला फोटो. समुपदेशक मुलाला लगेच शाबासकी देत नाही. तो खणत जातो: आकडे मोजायचं कुठून सुचलं, आणखी कुणाला ठाऊक आहे की तू असा थांबू शकतोस, उद्या गणिताच्या तासाला हे चालेल का. एका घटनेला दुसरी जोडली जाते, तिसरी जोडली जाते, आणि ‘भांडखोर मुलगा’ या गोष्टीशेजारी दुसरी एक गोष्ट उभी राहू लागते. ती खरी असते, घडलेली असते, म्हणून टिकते.

काही जण म्हणतात, राग वेगळा बसवला तर मुलगा जबाबदारीतून सुटतो. माझ्या मते उलट होतं. ‘मीच वाईट’ असं मानणाऱ्या मुलापुढे करण्यासारखं काहीच उरत नाही. मिस्टर रेडशी आपण कसं वागायचं, हा प्रश्न मात्र त्याच्या आवाक्यातला असतो.

अगरबत्ती जळेपर्यंत

हे संभाषण कुठे होतं? सिंगापुरात दर दहा रहिवाशांपैकी जवळपास आठ जण सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. या इमारतींचा तळमजला बहुधा मोकळा सोडलेला असतो. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे मलय कुटुंबांची लग्नं लागतात, चिनी कुटुंबांचे अंत्यविधीचे मांडव पडतात, म्हातारे बुद्धिबळ खेळतात. चाळीसहून अधिक फॅमिली सर्व्हिस सेंटरं देशभर आहेत आणि त्यांतली कित्येक अशाच तळमजल्यांवर आहेत. दळण आणायला निघावं तसं चपला घालून खाली उतरायचं आणि सोशल वर्करसमोर बसायचं. दुःख सांगण्यासाठी हॉस्पिटलची पायरी चढावी लागत नाही, ही फार मोठी सोय आहे.

या बेटावर गोष्ट ऐकण्याच्या जागा पूर्वीही होत्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, संध्याकाळी काम संपलं की सिंगापूर नदीकाठी हमाल आणि मजूर लाकडी बाकांवर जमत. मधोमध कथेकरी. तो अगरबत्ती पेटवायचा आणि तीन राज्यांच्या युद्धाची किंवा डाकू-वीरांची चिनी कथा लावायचा. अगरबत्ती जळत आली की कथा नेमकी अडचणीच्या जागी थांबे, पैसे गोळा होत आणि नवी अगरबत्ती लागे. दक्षिण चीनमधून एकटे आलेले हे पुरुष. घर हजारो मैलांवर, पत्र लिहायचं तरी पैसे देऊन दुसऱ्याकडून. आपल्याच बोलीत, आपल्यासारख्यांच्या घोळक्यात बसून ऐकण्याचा तो तासभर त्यांना काय देत असेल, हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही.

१९४९ मध्ये रेडिफ्यूजन ही तारेवरून घरोघरी पोचणारी रेडिओ सेवा आली आणि कथेकरी तिच्यावर गेले. कँटोनीजमध्ये ली दाइ सोर, होक्कियनमध्ये ओंग तोह, तिओचूमध्ये न्ग चिया केंग. त्यांच्या वेळेला रस्ते ओस पडत असं जुनी माणसं सांगतात. मग १९७९ साली पंतप्रधान ली क्वान यू यांनी चिनी वंशाच्या सर्वांनी मँडरिन बोलावं अशी मोहीम सुरू केली आणि काही वर्षांतच रेडिओ-टीव्हीवरून या बोली जवळपास नाहीशा झाल्या. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने त्याला कारणं होती. पण एका पिढीची गोष्टींची भाषा गेली. २०२० च्या जनगणनेत घरात प्रामुख्याने इंग्रजी बोलणारे ४८.३ टक्के आणि चिनी बोली बोलणारे ८.७ टक्के निघाले. नातू इंग्रजीत विचार करतो, आजी होक्कियनमध्ये आठवते, आणि मध्ये उभी असलेली सून मोडक्यातोडक्या मँडरिनमध्ये दोघांना जोडते.

आता कल्पना करा, या आजीला नैराश्य आलं आहे आणि समोरची पंचविशीतली सोशल वर्कर इंग्रजी आणि मँडरिन बोलते. आजी मँडरिनमध्ये सांगेल ती माहिती असेल: नवरा कधी गेला, गुडघा कधीपासून दुखतो. गोष्ट बाहेर येईल ती होक्कियनमध्येच. मनाला खोल लागलेल्या आठवणी ज्या भाषेत घडल्या त्या भाषेत आठवताना जास्त भरून येतं, हे बहुभाषिकांच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. उलटही खरं आहे: ज्याची लाज वाटते ते परक्या भाषेत बोलणं काहींना सोपं जातं, कारण शब्द तितके चटका देत नाहीत. म्हणून चांगला समुपदेशक भाषा लादत नाही. तो विचारतो, हे कुठल्या भाषेत सांगायला आवडेल? आणि मध्येच भाषा बदलली तर कान टवकारतो.

महाराष्ट्रातही ऐकणाऱ्याची ही गरज बायकांनी आपल्या परीने भागवली होती. जात्यावरच्या ओव्यांमध्ये जातं हे पुष्कळदा जिवाभावाचं माणूस असतं. पहाटे दळताना सासरचं सगळं त्याला सांगायचं, कारण ते कुणाकडे चुगली करत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात अशा लाखभराहून अधिक ओव्या खेडोपाडी जाऊन गोळा झाल्या. जोडीला बसलेली जाऊ किंवा नणंद ओवी उचलून धरायची, म्हणजे साक्षीदारही हजर.

शेवटच्या आठवड्यांतलं पुस्तक

या सगळ्या पद्धती कशा चालतात ते जवळून पाहायचं तर हॉस्पिसचं उदाहरण घ्यावं. हॉस्पिस म्हणजे आजार बरा होण्यापलीकडे गेल्यावर वेदना कमी करणारी, माणसाला आणि घरच्यांना सांभाळणारी सेवा.

कॅनडातल्या विनिपेगचे मनोविकारतज्ज्ञ हार्वी मॅक्स चोचिनोव्ह यांनी मरणाच्या दारात असलेल्यांसाठी डिग्निटी थेरपी, म्हणजे सन्मान जपणारा उपचार, तयार केला. पद्धत साधी वाटते. रुग्णाशी तासाभराची एखाद-दुसरी बैठक होते आणि बोलणं रेकॉर्ड केलं जातं. आयुष्यातला कोणता काळ सर्वांत जिवंत वाटला, कोणत्या भूमिका मोलाच्या वाटल्या, कशाचा अभिमान आहे, घरच्यांना काय सांगायचं राहिलं आहे, असे ते प्रश्न. दोन-तीन दिवसांत ते बोलणं शब्दशः कागदावर येतं, कारण इथे उशीर परवडत नाही. मग संपादन. अडखळणं जातं, काळाचा क्रम लागतो. एखाद्या मुलाला कायमचं दुखवील असं वाक्य आलं असेल तर ते तसंच सोडत नाहीत. रुग्णालाच विचारतात, हे ठेवायचं का, की वेगळ्या शब्दांत सांगायचं? आणि शेवटी बोलण्यातलंच एखादं वाक्य असं निवडतात की जिथे कहाणी थांबलेली शोभेल. तयार झालेला मजकूर रुग्णाला मोठ्याने वाचून दाखवला जातो. तो दुरुस्त्या सांगतो. मग ते कागद त्याच्या हाती जातात, हवे त्याला द्यायला.

वाचून दाखवण्याचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अंथरुणाला खिळलेला माणूस ‘बेड नंबर सात’ होऊन बसलेला असतो. दुसऱ्याच्या तोंडून स्वतःचं आयुष्य ऐकताना तो पुन्हा त्याचा मालक होतो.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या शंभर रुग्णांच्या अभ्यासात ९१ टक्के जणांनी समाधान व्यक्त केलं आणि ७६ टक्के जणांना आपला सन्मान वाढल्यासारखं वाटलं. पण २०११ मध्ये अधिक कडक कसोटीचा अभ्यास झाला, त्यात मोजपट्ट्यांवरचा मानसिक त्रास इतर गटांपेक्षा खास कमी झालेला दिसला नाही. रुग्ण मात्र याही वेळी म्हणाले, की याचा उपयोग झाला, घरच्यांनाही होईल. मला या दोन निकालांत विरोध दिसत नाही. ही पद्धत गोळीसारखी दुःख उतरवत नसेल. ती दुःखासोबत आणखी काहीतरी ठेवून जाते.

सिंगापूरच्या नानयांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीतले मानसशास्त्रज्ञ अँडी हाउ यान हो यांनी या पद्धतीत एक मोठा बदल केला. मूळ पद्धतीत रुग्ण एकटा बोलतो आणि नातेवाइकांना नंतर कागद मिळतात. आशियातल्या घरांत मरणारा माणूस असा एकटा नसतो. त्याचा सन्मान मुलांच्या नजरेत असतो आणि मुलांच्या मनातलं ओझं त्याच्या एका शब्दावर अडलेलं असतं. म्हणून हो यांनी रुग्ण आणि घरचं एक माणूस यांना एकत्र बसवलं. या फॅमिली डिग्निटी इंटरव्हेन्शनच्या चाचणीचा आराखडा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

एकत्र बसल्याने काय होतं, ते आपल्याही घरांवरून ओळखता येईल. वडील आयुष्यात मुलाला कधी ‘तुझा अभिमान वाटतो’ म्हणालेले नसतात. त्यांनी फी भरलेली असते, पावसात छत्री घेऊन स्टॉपवर उभे राहिलेले असतात. मुलगाही ‘बाबा, धन्यवाद’ म्हणणार नाही, तो औषधांच्या वेळा सांभाळेल. दोघांना समोरासमोर हे बोलवत नाही. पण तिसरं माणूस प्रश्न विचारतं तेव्हा वडील उत्तर देतात त्या तिसऱ्याला, आणि ऐकतो मुलगा. जे थेट बोलता येत नाही ते असं वळसा घेऊन पोचतं. याच विद्यापीठातल्या संशोधकांनी जीवघेण्या दीर्घ आजाराच्या मुलांच्या आईवडिलांसाठीही, थेरपिस्टच्या सोबतीने ऑनलाइन लिहिण्याचा उपक्रम तयार केला आहे. रात्री मूल झोपल्यावर घरी बसून लिहिता येतं, हे त्यांच्यासाठी फार असतं.

स्मृतिभ्रंश झालेल्यांशी मात्र उलट चालावं लागतं. ‘आठवतंय का?’ हा प्रश्न त्यांना परीक्षेसारखा बोचतो. अमेरिकेच्या ॲन बास्टिंग यांनी १९९८ च्या सुमारास एक युक्ती सुरू केली: एखादं गमतीदार चित्र द्यायचं आणि विचारायचं, इथे काय चाललं असेल? कुठलंही उत्तर चुकीचं नाही. आठवणीचं ओझं गेलं की कल्पना बोलू लागते, आणि वर्षभर गप्प असलेल्या आजोबांकडून एखादं वाक्य निघतं.

> चौकट: ऐकणारा काय करतो?
> • सांगणाऱ्याला घटना आणि भावना दोन्हींना शब्द शोधायला वेळ देतो.
> • समस्येला नाव देऊन माणसापासून वेगळी करतो.
> • मुख्य गोष्टीत न बसलेली, पण खरी घडलेली लहान घटना शोधतो आणि तिच्यावर थांबतो.
> • घरचं किंवा जवळचं माणूस साक्षीला आणतो, अर्थात सांगणाऱ्याच्या मर्जीने.
> • ऐकलेलं त्याच्याच शब्दांत लिहून परत देतो.

गप्प राहण्याचा हक्क

गोष्ट सांगणं नेहमीच हितावह असतं असं मानणं धोक्याचं आहे. एके काळी अपघात किंवा हल्ल्यातून वाचलेल्यांना लगेच बसवून, एकाच बैठकीत सगळं सविस्तर सांगायला लावण्याची प्रथा होती. या प्रथेचे अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये एक आढावा घेतला गेला. या एका बैठकीमुळे पुढचा मानसिक आजार टळतो असं दिसलं नाही, काहींचं तर नुकसान झाल्याची चिन्हं होती. सक्तीने असं करणं थांबवावं, असं त्या आढाव्याने म्हटलं.

कारण समजण्यासारखं आहे. मोठ्या धक्क्याची आठवण सुरुवातीला क्रमाने साठलेली नसते. जळका वास, एक किंकाळी, गुडघ्यावरचं रक्त, असे सुटे तुकडे असतात. तयारी नसताना ते उपसले तर माणूस पुन्हा त्याच क्षणात जाऊन पडतो. म्हणून निर्वासितांसाठी जर्मनीत तयार झालेल्या एका पद्धतीत आधी जमिनीवर एक दोरी पसरतात. दोरी म्हणजे आयुष्य, एक टोक जन्माचं. वाईट घटनेला दगड, चांगल्या घटनेला फूल. आधी सगळी दोरी मांडून होते, मगच एकेका दगडापाशी थांबायचं, तेही तारीख, जागा, हवामान यांचा आधार घेत. माणसाला दिसत राहतं, की दगडाच्या आधी काही होतं आणि नंतरही काही आहे.

कधी कधी कायदाच तोंड बंद करतो. सिंगापुरात आत्महत्येचा प्रयत्न हा १ जानेवारी २०२० पर्यंत गुन्हा होता. ज्याची कहाणीच पोलिसांच्या कामाची होऊ शकते, तो ती मोकळेपणाने कुणाला सांगेल? समॅरिटन्स ऑफ सिंगापूर ही संस्था १९६९ पासून फोनवर अशा माणसांचं ऐकत आली आहे. त्या पन्नास वर्षांत फोन उचलणाऱ्यांनी आणि करणाऱ्यांनी ही भीतीही सांभाळली असणार.

प्रेक्षक उठून बोलू लागतो तेव्हा

एकाची गोष्ट कधी अनेकांची होते. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला, त्यानंतर नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर-प्रदर्शन गावोगावी नेलं. पाहायला आलेल्या बायका स्वतःबद्दल सांगू लागल्या, आणि त्यांचं ऐकायला कायमची जागा हवी म्हणून ‘बोलते व्हा’ केंद्र उभं राहिलं. परक्या बाईची कहाणी ऐकल्याने स्वतःच्या कहाणीला तोंड फुटलं.

सिंगापुरात हे नाटकातून झालं. फोरम थिएटरमध्ये प्रेक्षक प्रयोग थांबवून पात्राच्या जागी उभा राहतो आणि वेगळं वागून दाखवतो. १९९४ मध्ये सरकारने या प्रकाराला निधी देणं बंद केलं, कारण आधी तपासता येईल अशी संहिताच नसते. तो निधी २००३ मध्ये पुन्हा सुरू झाला. नंतर ड्रामा बॉक्स आणि आर्ट्सवोक या संस्थांनी २०१३ पासून ‘बोथ साइड्स, नाउ’ या उपक्रमात मरणाच्या तयारीबद्दलची नाटकं आणि संवाद हॉस्पिटलात आणि वस्त्यांत नेले. घरी जे बोलायला अशुभ मानतात, ते शेजाऱ्यांसोबत बसून बोलता येऊ लागलं.

फाइल आणि पत्र

सोशल वर्करच्या कपाटात प्रत्येक माणसाची एक फाइल असते. ती त्याच्याबद्दल असते, त्याला उद्देशून नसते आणि पुष्कळदा त्याला न कळणाऱ्या भाषेत असते. एप्स्टन यांनी यावर पत्र हा उपाय काढला. भेट झाली की ते त्या माणसाला पत्र लिहीत, त्याचेच शब्द वापरून: तुम्ही असं म्हणालात, ते मला असं समजलं, बरोबर आहे का? त्यांनी लोकांना विचारलं, तेव्हा एक पत्र सरासरी साडेचार भेटींच्या तोडीचं वाटतं असं उत्तर आलं. पत्र उशाशी ठेवता येतं. नैराश्याच्या रात्री, जेव्हा माणसाचा स्वतःवरच विश्वास उरत नाही, तेव्हा ते उघडता येतं.

माणसाबद्दल कोण लिहितं, हा प्रश्न परदेशी कामगारांच्या बाबतीत अधिक टोकदार होतो. बांधकामावरच्या आणि गोदीतल्या बांगलादेशी, तमीळ, चिनी मजुरांबद्दल सिंगापुरात लिहिलं फार गेलं, पण बराच काळ ते इतरांनीच लिहिलं. २०११ मध्ये दिबाश्रम नावाची जागा सुरू झाली, तिथे बंगाली मजूर सुटीच्या दिवशी कविता वाचायला आणि गाणी म्हणायला जमू लागले. २०१४ पासून कामगारांची कवितास्पर्धा भरू लागली. मोहम्मद शरीफ उद्दीन या बांगलादेशी कामगाराची रोजनिशी २०१७ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि पुढच्या वर्षी सिंगापूर बुक अवॉर्ड्समध्ये तिला ललितेतर विभागाचा पुरस्कार मिळाला. हा उपचार नव्हता, कुणी समुपदेशक मध्ये नव्हता. पण फाइलमधला ‘वर्क परमिटधारक’ स्वतःच्या नावाने लिहू लागला, ही तीच वाट आहे.

अशा कहाण्या मदतनिधी गोळा करायलाही वापरल्या जातात, आणि इथे मला काळजी वाटते. हात मोडलेल्या चोवीस वर्षांच्या मजुराला ज्या संस्थेने डॉक्टर मिळवून दिला, तिने फोटो आणि हकीकत छापायची परवानगी मागितली तर तो नाही कसं म्हणेल? त्याची सही ही उपकाराची परतफेड असते, संमती नसते. म्हणून परवानगी एकदा घेऊन भागत नाही. मजकूर त्याच्या भाषेत त्याला आधी वाचून दाखवायला हवा. नाव, गाव, बायकोचा उल्लेख यांतलं काय ठेवायचं ते त्याने ठरवायला हवं. उपचार संपून तो कामावर परतल्यावर, जेव्हा त्याला संस्थेची गरज उरलेली नसेल, तेव्हा पुन्हा विचारायला हवं. आणि त्या वेळी तो नको म्हणाला, तर छापलेलं पान वेबसाइटवरून त्याच दिवशी उतरवायला हवं.